मागच्या खोलीतले अजगर

२ मार्च

चि. बुटकीस,

अ. उ. आ.

उभ्यानं पत्र वाचत असशील तर आधी बूड टेक. बातम्या दोन आहेत. एक गोड आहे, दुसरीचं तूच ठरव.

गोड अशी, की मी लग्न करतेय. समोरच्या गल्लीतल्या घड्याळजींशी. आपल्या कामाच्या खुर्चीला नवं कापड चढवून घ्यायला आले आणि कापड निवडायला महिनाभर येत राहिले. तेवढ्या फेऱ्यांत माणसाचा अख्खा सोफा झाला असता. शेवटी मीच म्हटलं, अहो, कापडाचं निमित्त पुरे आता, बसा आणि काय ते बोला. बोलले. साठीला आलेला माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नोंदणी मे महिन्यात करायची आहे. नंतर ते इकडे राहायला येतील, कारण त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी मावेन, माझ्या स्प्रिंगा आणि काथ्या मावणार नाहीत.

दुसरी बातमी. त्यांच्याबरोबर आणखी दोघं येतील. एक हिरवा अजगर आहे आणि एक विटकरी रंगाचा बोआ, म्हणजे अजगरासारखाच परदेशी साप. दोघंही झाडावर राहणाऱ्या जातीचे, विषारी नाहीत, पाळलेल्या जोड्यांच्या पिलांतून घेतलेले, आणि परवाने रीतसर. हिरवा दिवसभर आडव्या फांदीवर पिळून टाकलेल्या धुण्यासारखा पडून असतो, मधोमध डोकं ठेवून. दिसतो देखणा, खोटं कशाला बोलू. पण मी पाहिला तो दारातूनच. उंबऱ्याच्या आत पाय काही टाकला नाही.

मागची खोली रिकामी करायला घेतलीय. तुझे 'हे' हसतील, त्यांना हसू दे. तू मात्र चिडू नकोस.

आहे तशीच माया ठेव.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पहिल्या बातमीला मी स्वयंपाकघरात चक्क नाचले. यांनी विचारलं काय झालं, तर रडत रडतच सांगितलं. भावजी गेल्यापासून तू एकटी जेवतेस हा विचार रोज ताटावर बसताना यायचा. आता येणार नाही.

दुसरी बातमी वाचली आणि खाली बसले. ताई, पाल दिसली की टेबलावर चढणारी तू! एकदा चढलीस ती मी झाडू घेऊन येईपर्यंत खाली उतरली नव्हतीस. आणि आता घरात अजगर? हाडांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली मी, रात्रीबेरात्री दचकून पडलेल्या बायका बघते. भीतीनं माणूस कसं मोडतं ते मला विचार.

म्हणून मी एक केलं, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही. दुकानाच्या नंबरवर घड्याळजींना फोन लावला. म्हटलं, माझी बहीण तुम्हाला नाही म्हणणार नाही, तिचा स्वभावच तसा आहे, तेव्हा तुम्हीच काय ते समजून घ्या. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, तुमचं बरोबर आहे.

रागावायचं असेल तर रागाव. पण विचार कर. लग्नाला मी येणार, तुझ्या घरी मात्र ते दोघं असेपर्यंत पाऊल ठेवणार नाही.

राग आला तरी जिव्हाळा कमी करू नकोस.

तुझी बुटकी

३० मार्च

चि. बुटकीस,

अ. उ. आ.

रागावले होते. दोन दिवस तर तुझं नाव घेतलं की सुई बोटात जायची. आता नाही, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र आलं तेव्हा सुतारदादा मागच्या खोलीत कपाटं बसवत होते. काचेची दारं बघून त्यांना वाटलं मी कपबशा मांडणार. कशासाठी ते सांगितलं तर हातोडी ठेवून बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. ते म्हणत होते, झाडावरचा प्राणी आहे तर कपाट उंच करू. घड्याळजींनी समजावलं, की नुसती उंची काय कामाची, याला आडवं पसरायला जागा लागते, वेगवेगळ्या उंचीवर आडव्या फांद्या लागतात. आणि दोघांची कपाटं वेगळी, एकत्र कधीच ठेवायचे नाहीत. फांद्या खोबणीतून उचलून काढता येतात. अजगर हलवायचा तर त्याला पकडून ओढायचं नाही, फांदीसकट उचलायचं. एका बाजूला ऊब, दुसरी बाजू जरा गार. पाण्याचा फवारा मारायचा आणि मधे कपाट वाळू द्यायचं, सतत ओल राहिली तर त्यांची छाती बिघडते. हे सगळं मी ऐकत होते आणि कपाटाच्या कुलपाला आणखी एक कडी लावून मागत होते.

मग गुरुवारी ते आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, एका जुन्या स्नेह्याशी बोललोय, तो दोघांनाही घेईल, माणूस जाणता आहे. कपाटांत तुमची कापडं ठेवा.

खरं सांगू? आधी मला हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. चहा टाकायला आत गेले तर गुणगुणत होते. आणि गुणगुणता गुणगुणता थांबले.

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. लग्न झालं तेव्हा तुझ्या भावजींना खुर्च्या चिकटवायच्या सरसाचा वास सोसायचा नाही. मी काम बंद केलं. त्यांनी मागितलं नव्हतं हं, बिचारे एका शब्दानं बोलले नव्हते. माझी मीच हत्यारं माळ्यावर टाकली आणि मग कितीतरी वर्षं त्यांच्यावर रुसून राहिले. मीठ कमी पडलं तरी माझा आवाज चढायचा. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही बायको कशाला रुसते. मलाही उशिराच कळलं, ते गेल्यावर हत्यारं पुन्हा खाली काढली तेव्हा. न मागता दिलेलं दान असं असतं, बुटके, देणारा ते रोज थोडं थोडं वसूल करतो.

चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि त्यांना हेच सांगितलं. म्हटलं, घरात असा रुसवा मला पुन्हा नको. तुम्ही त्यांना आणा. पण मी भिते, हे मी लपवणार नाही, आणि मला शिकवायला तुम्हाला वेळ काढावा लागेल.

रविवारी त्यांच्याकडे गेले. उंबरा ओलांडला. हिरव्याची फांदी एका टोकाला त्यांनी धरली, दुसऱ्या टोकाला मी. कपाटातून टेबलापर्यंत नेली. तो जागचा हललासुद्धा नाही, फक्त जीभ काढून माझा वास घेतला. वजन वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघालं. नंतर मी जिन्यात बसून रडले आणि ते माझ्याशेजारी येऊन बसले.

तुझी अट मला ठाऊक आहे. दार उघडं आहे, येणं तुझ्यावर.

माझ्यावरचा हक्क सोडू नकोस, मीही सोडणार नाही.

तुझी ताई

८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. सरसाचं मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला मशीनचा कंटाळा आला होता.

फोन केल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण त्यामुळेच तुम्ही दोघं बोललात. पण घड्याळजींना माझ्या वतीनं सॉरी म्हण. नको, मीच म्हणेन.

आता नर्स म्हणून विचारते. चावला तर काय करायचं? साबणपाण्यानं भरपूर धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, हसत घरी बसायचं नाही. हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागायचं नाही. आणि त्यांच्या खाण्यासाठी मेलेले उंदीर गोठवून ठेवतात असं यांनी कुठंसं वाचलं. फ्रिज वेगळा घे, नाहीतर माझ्यासाठी घरात बर्फसुद्धा ठेवू नकोस.

अट मागे घेते. येईन. मुक्काम पुढच्या खोलीत आणि दाराला आतून कडी.

मला वेडी म्हण, पण आपली म्हण.

तुझी बुटकी

१९ जुलै

प्रिय मेव्हणीबाईंस,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहायची मला सवय नाही. घड्याळाला चावी दिली की ते आपलं आपण चालतं, वाक्यांचं तसं नाही. तरी सांगायचं होतं.

तुम्ही आलात, कडी लावून झोपलात आणि जाताना काचेवर नाक टेकवून हिरव्याकडे पाहत उभ्या राहिलात, ते तुमच्या ताईंनी पाहिलं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगतो.

लग्नानंतर इकडे आल्यावर हिरवा लगेच रुळला. बोआनं मात्र अन्न सोडलं. नवी जागा, नवे वास, असं होतं. त्याला त्रास देऊ नये, शांत राहू द्यावं, हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी दर तासाला डोकावत होतो. ताईंनी मला खोलीतून बाहेर काढलं. म्हणाल्या, कोणी तोंडाकडे टक लावून बसलं तर मलाही घास उतरत नाही. कपाटाला त्यांनी तिन्ही बाजूंनी जाड कापड शिवून लावलं आणि स्वतः पाठ करून तिथेच आपल्या शिवणाला बसल्या. रोज सकाळी थोडा वेळ. काम करता करता त्याच्याशी बोलायच्या, म्हणजे माझ्याबद्दल तक्रारी करायच्या. सापाला कान नसतात हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, म्हणूनच सांगते.

परवा संध्याकाळी त्यानं खाल्लं. लांब चिमटा ताईंच्या हातात होता. मी दाराबाहेर उभा होतो आणि मला आतून काहीच ऐकू येईना. मग त्या बाहेर आल्या, हात पुढे धरून, धुवायला निघालेल्या, आणि चेहरा असा की मला क्षणभर काही वाईट झालं असंच वाटलं. म्हणाल्या, अहो, घेतलं त्यानं. माझ्या हातून घेतलं. आणि तशाच नळाशी गेल्या. साबण किती वेळ चोळत होत्या देव जाणे.

आता ती खोली त्यांची झाली आहे. घरात सगळ्यात उबदार तीच आहे, शिवाय खिडकी मोठी. काथ्याची पोती परत तिथे आली, खुर्च्यांचे सांगाडे आले. मला आत जायचं असलं तर दार वाजवावं लागतं. काल वाजवलं तर आतून आवाज आला, थांबा जरा, तो आत्ताच डोकं टेकून झोपलाय.

थांबलो.

आपला लोभ आम्हा चौघांवर असू द्यावा.

आपला,
घड्याळजी