कमरेला उकार बांधणारा र

६ जानेवारी २०२५, सोमवार

हर्षालीनं आज पहिलीचा वर्ग चक्क व्हरांड्यात काढला! ऱ्हस्व आला की जागच्या जागी उडी. दीर्घ आला की पाय घासत लांब घसरायचं. "चि" — टुणकन. "म" — गप्प उभं. "णी" — सर्रर्र! बावीस पोरांतली चार आपटली.

म्हटलं, "मॅडम, शाळा आहे की सर्कस?"

"बाई, ह्यांना अजून कानानं कळत नाही. पायानं कळतं."

पेठ तालुक्याकडची पोरगी. जूनमध्ये आली आणि मला शिकवते! मी तेहतीस वर्षं पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी घोकून घेतली. घसा बसला, पण उडी मारायचं काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

९ जानेवारी, गुरुवार

आज "फूल" आणि "फुलं". एकटं फूल — घसरा. पुष्कळ फुलं — उडी! मूल, मुलं. पीक, पिकं. एकटं असलं की लांबतं, जोडीला कुणी आलं की आखूड होतं, असं पोरांनीच शोधून काढलं. मी दारात उभी राहून ऐकत होते.

माझं नावही तसंच की. सिंधू — एकटी, दीर्घ. पुढे "बाई" लागलं की सिंधुबाई — ऱ्हस्व. २८ फेब्रुवारीला रिटायर झाले की परत दीर्घ. हसू आलं.

२० जानेवारी, सोमवार

आज माझं तोंड सुटलं. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

हर्षालीनं सांगितलं होतं, रस्त्यावर दिसलेला एक शब्द उतरवून आणा. ती ऑफिसात गेली होती, वर्ग माझ्याकडे. कुणी "द्राक्षे" आणलं, कुणी "हॉर्न". रुद्रनं स्वतःचं नाव आणलं. त्याचे वडील नाथा द्राक्षं भरायच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवतात, त्या टेम्पोच्या कपाळावरचं. उड्या मारतच आला. "बाई, माझं नाव टेम्पोवर आहे!"

वहीत "रूद्र". दीर्घ!

मी लाल पेनानं खाडकन रेघ मारली. "टेम्पोवर आहे म्हणून बरोबर होतं का? रु ऱ्हस्व! कुणी लिहिलं हे? शाळेत गेला होता का तो?"

"पप्पांनी," तो म्हणाला.

वर्ग हसला. त्यानं वही मिटली.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की माझं डोकंच फिरतं. पण सहा वर्षांच्या पोराचा बाप काढायचा?

२१ जानेवारी, मंगळवार

रुद्र वाचायला उठला नाही. ओठ घट्ट. सगळे उडी मारतात, हा भिंतीला टेकून उभा.

२९ जानेवारी, बुधवार

नऊ दिवस झाले. खेळतो, जेवतो, भांडतो. वाचायला सांगितलं की दगड. मी चिक्की दिली. घेतली, आणि तोंड चिक्कीपुरतंच उघडलं!

हर्षालीला सगळं सांगितलं. वाटलं आता ही मला सुनावणार. म्हणाली, "बाई, तो रुसलाय तो शब्दांवर नाही. त्याच्या पप्पांच्या बाजूनं उभा आहे." आणि वह्या तपासायला बसली. रोज ती त्याच्या नावाची उडी स्वतः मारते. "ही रुद्रची." चिडत नाही, कंटाळत नाही. कुठल्या मातीची आहे ही पोरगी!

मला एवढंच हवंय, माझ्या जायच्या आत त्यानं एक ओळ वाचावी. नाहीतर तेहतीस वर्षांचा शेवट म्हणजे एक पोरगा गप्प केला, एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोलला! बोलला!

आज "र". हर्षाली म्हणाली, "बाकीची अक्षरं उकार पायात घालतात. र जरा शहाणा आहे, तो कमरेला बांधतो. कोण होतं र?" कुणाकडे न बघता रुद्रपुढे आपला रुमाल धरला. त्यानं बराच वेळ रुमालाकडे बघितलं. मग हात वर केले, बांधा म्हणून.

तिनं कमरेला गाठ मारली. "नुसती गाठ — रु. शेपटी लोंबवली — रू." गाठ, शेपटी, गाठ, शेपटी. पोरं खिदळत होती. "आता गाठच आहे. कमरेला काय बांधलंय सांगा?"

"रुमाल!" सगळे ओरडले.

"उडी की घसरगुंडी?"

रुद्रनं उडी मारली. मग थांबला. पुन्हा मारली. आणि अगदी हळू — "रुद्र."

मी फळ्याकडे तोंड केलं. डोळे पुसायला माझ्याकडे रुमालही नव्हता.

पण वही उघडली नाही अजून. ती लाल रेघ आहे ना आत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सुट्टी. देवळाजवळ नाथाचा टेम्पो धुऊन, हार घालून उभा. कपाळावर तोच रूद्र. मी मान खाली घालून पलीकडून गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिनाला पालक आले होते. नाथा समोर आला, वाकून पाया पडला. पाया कशाला पडतोय, मला कळेना.

"बाई, म्या तुमच्याच हाताखाली पहिली शिकलो. याच खोलीत. दोन हजार सालची गोष्ट."

म्हटलं, "अरे, मग तरी टेम्पोवर...?" जीभ पुन्हा घसरलीच!

तो लाजला. "पोरगा म्हनतो चुकलंय. पन मला तो रु पक्का ठाऊक व्हता, बाई. तुम्ही भिंतीवर रुमालाचा कागद लावला व्हता ना, लाल रुमाल काढलेला? त्याच्यावरूनच रंगवलं. दुसरं कुठं शिकलो मी?"

काहीतरीच! मी आणि रु चुकवीन? हर्षाली शेजारीच होती. ती एकदम खुर्च्या उचलायला गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार्ज देताना कपाट रिकामं केलं. तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला कागद. लाल रुमाल. खाली माझं वळणदार अक्षर — "रूमाल". दीर्घ! मधे माझी बदली झाली, मी परत आले, तो तिथंच. चोवीस वर्षं. वर्तमानपत्रावरची तारीख गेल्या जूनची. हर्षालीनं आल्या आल्या उतरवला, जागी नवा लावला. वर्षभर एका शब्दानं बोलली नाही.

रुद्रची वही मागून घेतली. लाल रेघेखाली लाल पेनानंच लिहिलं — "चूक बाईंची."

त्यानं वाचलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. "चूऽऽक"ला पार दारापर्यंत घसरत गेला.