रेझिस्टर कुणी काढला

बुधवार, आरतीनंतर

राग मावळेना, म्हणून लिहायला बसले. सोसायटीच्या गणपतीच्या मखरात मी लावलेले दोन एलईडी आज ऐन आरतीत जळाले. मागचे कापसाचे ढग करपले. पुढच्याच रांगेत आमची लेक पियू टाळ्या वाजवत उभी होती. आग लागली असती तर?

मखर उघडून पाहिलं, तर करंटला आवर घालणारा रेझिस्टर गायब. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, दुपारी परस्पर तो काढून वायर थेट जोडली होती. का, तर उजेड वाढावा म्हणून! वर मलाच विचारतो,

"पियूच्या त्या दिव्याच्या ग्रीटिंग कार्डातला एलईडी बटण सेलवर थेट चालतो ना? मग मधे हा अडथळा कशाला?"

अरे, तो बटण सेल मुळातच अशक्त, म्हणून तो एलईडी वाचतो. इथे पॉवरबँकेतला लिथियमचा सेल होता. तो ओढाल तेवढा करंट देतो, आणि एलईडीला पुरे म्हणता येत नाही. रविवारी हेच सांगत होते, तेव्हा नवरोबा मोबाइलमध्ये.

अडथळा म्हणे! मिनिस्ट्रीत याच्या टेबलावर फाइल महिनाभर अडते, तो अडथळा नाही. माझा तांदळाएवढा रेझिस्टर अडथळा.

काल एलईडी लागले तेव्हा "हमने बनाया है" म्हणून मिरवला. आज धूर निघाल्यावर सोसायटीच्या हिंदीभाषक सेक्रेटरींना हसत म्हणाला, "मॅडम का शौक है जी." आणि सगळ्यांसमोर सॉरी कोण म्हणालं? मी. का म्हणाले मी?

आत्ता त्याचा कुर्ता धुवायला टाकताना खिशात रेझिस्टर सापडला. उद्या नव्या एलईडींसोबत बसवेन. पण त्याआधी आरतीला सगळ्यांना दाखवेन आणि सांगेन, हिंदीतच, की हा कुणाच्या खिशात होता.