फळ्यावरची केळ

उधना, सुरत
९ जानेवारी १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न.

मागच्या पत्रातही विचारलं होतं आणि तू ‘अभ्यासासाठी’ एवढंच लिहून सुटलीस, म्हणून पुन्हा विचारतो. माझी सही कशाला पाहिजे? कागदावर माझं पूर्ण नाव, आबांचं नाव, गाव, तालुका आणि खाली ‘माझी काही हरकत नाही’. एवढं वाचलं आणि पाकिटात परत घातलं. आबा वारले तेव्हा असाच कागद आम्ही तुझ्याकडून घेतला होता, मळ्यावरचा हक्क सोडल्याचा. आता तू मास्तरीण, मी चौथी नापास. आता तो कागद उलटा माझ्याकडे आला की काय?

गावचा रुपचंद परवा मिलमध्ये भेटला. म्हणाला, अक्का दर शनिवारी धुळ्याहून गावात येते, वही घेऊन दारोदार फिरते, लोटनने शाळा का सोडली ते विचारते. गुरुजींकडे तर दीड तास बसलीस म्हणे. मी शिकलो नाही, हे साक्षीदारांकडून लिहून घेऊन करणार काय? वर म्हणे, अक्का डॉक्टर होतेय. मी म्हटलं, तीन वर्षं झाली, अजून एकालाही सुई टोचली नाही.

रागावलोय, पण तब्येत सांभाळ. रागापुरता राग, माया तशीच असू दे.

लोटन


धुळे
१८ जानेवारी १९९४

चि. लोटनास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, मग डोळे पुसले. मळा तुझाच आहे, बाबा. त्या कागदावर तू बोट ठेवलंस तिथे मी न वाचता सही केली होती. तू मात्र चार ओळी वाचून मला चोर ठरवलंस!

शाळेत काय शिकवायचं ते कोण ठरवतं, आणि पोराला घरी जे ठाऊक असतं त्याला पुस्तकात जागा का नसते, हा माझ्या पीएच. डी.चा विषय. त्यात पहिलीच हकीकत तुझी आहे. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, सगळी झाडं बीपासून येतात. तू उठून सांगितलंस, केळ कंदापासून येते. छडी खाल्लीस आणि शाळा सुटली. मी तेव्हा सातवीत होते, तुझ्या हातावर हळद मीच लावली. छडीचं गुरुजींनीही कबूल केलं. नाव घालायला तुझी परवानगी लागते, जळगावचे माझे सर त्याशिवाय पान ठेवू देत नाहीत.

पंधरा फेब्रुवारीला प्रबंध द्यायचा आहे. टायपिंगवाला पानाला पाच रुपये घेतो नि घाई करतो. तुझं पान गेलं तर पुढचं सगळं लंगडं पडेल. तरी तू नाही म्हणालास तर काढीन.

जेवत जा वेळेवर. अक्कावर लोभ ठेव, संशय थोडा कमी कर.

कुंदाअक्का


उधना, सुरत
२७ जानेवारी १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न.

कागद पूर्ण वाचला. खोलीतल्या नासीरकडूनही वाचून घेतला, तो दहावी झालाय. त्याने शपथेवर सांगितलं, मळ्याचा शब्दही त्यात नाही.

पण तुझी हकीकत अर्धी आहे. छडीने कोणी शाळा सोडतं का? आबांच्या हातची मी याहून जोरात खाल्लीय. गुरुजींनी पुढचं सांगितलंच नसणार. मार पडला त्याच संध्याकाळी ते मळ्यात आले. घरामागे केळी लावायच्या होत्या, आबांकडे चांगले कंद मागितले. आबांनी मलाच निवडायला बसवलं. सुजलेल्या हाताने पंचवीस कंद काढून दिले. किती खोल लावायचे, तेही गुरुजींनी मलाच विचारलं, मान हलवत ऐकलं. मला वाटलं, उद्या फळा पुसतील.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच. वर तेच वाक्य माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलं. दहाही लिहिली, पाटी ठेवली आणि निघालो तो निघालोच. न कळून माणूस चुकतो, पण ह्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून कोणी कागद पुढे केला की मी उलटून मागची बाजू आधी बघतो. तुझाही बघितला.

हे सगळं घाल. माझं नाव पूर्ण घाल, गुरुजींचं नको, म्हातारे झालेत. त्यांच्या घरामागे अजून केळी उभ्या आहेत म्हणे.

सही केलीय. डॉक्टर झालीस तरी माझी अक्काच राहा.

लोटन

ता. क. हकीकत दोन पानं वाढेल असं नासीर म्हणतो, त्या दोन पानांचे दहा. आणि टायपिंगवाल्याने जुनंच छापलं तर पुन्हा करून घ्यायला आणखी दहा. मनीऑर्डर केलीय, रुपये वीस.