काब्याची पायरी

कैरो, १२ जून १९८८

ती. बदरियाताईस,
शाझलीचा सलाम वि. वि. मी खुशाल आहे. तुझं पत्र नाही, म्हणजे रागावलीस. चपलांच्या दुकानातली नोकरी सोडली (सुटली म्हण). आता एका नाववाल्याशी ओळख झालीय, त्याच्याकडे बोलणारा पोपट आहे... ते राहू दे, मुद्दा वेगळाच.

काल ऊन चुकवायला एका चित्रप्रदर्शनात शिरलो. समोर आपल्या हाज्जा वहीबाचं घर! भिंतीएवढा फोटो. बाबांच्या हातचं जहाज, बाबांच्या हातचं विमान, भुवया असलेला तो सिंहसुद्धा. खाली पाटी : 'हजयात्रेचं भित्तिचित्र. चित्रकार अज्ञात.' तिथल्या बाईंना म्हटलं, अज्ञात कसला, माझा बाप आहे तो! त्यांनी विचारलं, खूण काय? आता बाबा कुठं सही करतात, भिंतीवर नाव हाजीचंच. मी म्हटलं, आमच्या बाबांच्या काब्याला पायरी असते. बाई हज करून आलेल्या, हसल्याच. म्हणाल्या, काब्याचा दरवाजा माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, त्याला पायरी कुठली? पण फोटोत पायरी आहे खरी. चित्रकारानं स्वतः दोन ओळी लिहून दिल्या तर ऑगस्टअखेरपर्यंत पाटी बदलतील.

ताई, तीस वर्षांत गावातले इतके जण हजला जाऊन आले, एकानंही बाबांना सांगितलं नाही? का? हळूच चौकशी कर. बाबांना कळू देऊ नकोस.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
शाझली


नजा, २ जुलै १९८८

चि. शाझलीस अ. आ.
शिव्या भेटीत देईन. वहीबाला विचारलं. ती म्हणाली, मक्केहून येऊन आपलं घर असं रंगलेलं पाहिलं की माणूस आधी भिंतीला हात लावतो, तेव्हा दरवाजाची उंची कोण मोजतं? आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी सांगेल.

पण शहाण्या, तुझं पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि बाबांनी त्या दिवशी नेमकं पीठ मळायला घेतलं. दोन दिवस ज्यावरून काबा काढतात ते जुनं कॅलेंडर घेऊन बसले. मग म्हणाले, कॅलेंडरवरच्या चित्रात खाली नुसती गर्दी. मला वाटलं, माणसांमागं दरवाजा जमिनीपर्यंत येत असेल. दरवाजा म्हटला की पायरी आलीच.

आता गिरणीवाला बशंदी हजला गेलाय, त्याची भिंत चालू आहे. दरवाजा उंच काढलाय, अगदी बरोबर. तुझ्या त्या बाईंना कळव म्हणाले, ते चित्र माझं नाही. अज्ञातच बरा. जेवण निम्म्यावर आलंय रे त्यांचं.

तुझीच,
बदरिया


नजा, १७ ऑगस्ट १९८८

चि. शाझलीस अ. आ.
काल बशंदी आला. ढोल वाजले, सरबत झालं, आणि भिंतीपुढं तो जो थबकला तो हलेचना. घरच्यांना विचारलं, हे कोणाकडून करून घेतलंत, गादल्ला आजारी आहे का? बाबा पुढं झाले. म्हणाले, मीच काढलं, आणि या वेळी खरं काढलंय.

बशंदीनं कपाळावर हात मारला. म्हणाला, खरं पाहूनच आलोय मी! सात फेऱ्या घातल्या, धक्के खाल्ले, त्या उंबरठ्याला बोटसुद्धा लागलं नाही. येताना जहाजावर बायकोला सांगत होतो, घरी गादल्लानं पायरी केली असेल, तिथं टेकू. आणि तू ती काढून टाकलीस, भल्या माणसा?

सगळी गल्ली हसली. बाबा नाही हसले. शिडी मागवली. ओला चुना फिरवून दरवाजा पुसला, नवा जमिनीपर्यंत आणला आणि खाली एकाऐवजी दोन पायऱ्या काढल्या. वरच्या पायरीवर हाजी बशंदीचं नाव. मग ब्रश खाली ठेवला, परत उचलला, आणि खालच्या पायरीवर बारीक अक्षरात लिहिलं : गादल्ला रंगारी.

रात्री तीन पोळ्या खाल्ल्या. सोबत त्यांच्या हातची चिठ्ठी आहे, महिना संपायच्या आत बाईंना दे. मी वाचली. दोन ओळी मागितल्या होत्या, एकच आहे : 'पायरी माझी आहे.'

पोपटाचं काय झालं ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बदरिया