देव्हाऱ्यातल्या चिठ्ठ्या

गुरुजी,

परवा सकाळी अंघोळ झाली, पूजा आटोपली आणि मी देव्हाऱ्यातून तुमचं बंडल खाली घेतलं. एवढ्या वर्षांत ते फक्त दसऱ्याला पुसण्यापुरतं खाली यायचं. हळदीकुंकवाची बोटं लागून वरची चिठ्ठी तांबूस झाली आहे, दोरा मात्र तुम्ही बांधलेलाच आहे. बंडल शर्टाच्या खिशात टाकलं आणि चहा न घेता बाहेर पडलो. संध्याकाळी घरी आलो तर बायको विचारते, "देवातलं बंडल कुठं गेलं हो?" कामाला लावलं, म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं. कोऱ्या कागदाला किती वर्षं फुलं वाहून राहिले मी."

तुम्ही गेलात तेव्हा मी एम.एस्सी.ला होतो आणि मला ते महिन्याभराने कळलं. त्यामुळे पुढे मी काय काम करायला लागलो हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी प्राण्यांची नाती शोधतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मूळ गाव कोणतं, मामकूळ कोणतं असं विचारत मागे मागे जातात, तसंच. फरक इतकाच की प्राणी सांगत नाहीत. त्यांच्या पेशीत डीएनएची लांबच लांब साखळी असते, ती वाचायची, एकाची दुसऱ्याशेजारी ठेवायची आणि कोण कोणापासून कधी वेगळं झालं ते ठरवायचं. मी सुरुवात केली तेव्हा दोन-तीन जनुकं वाचली तरी पुष्कळ वाटायचं. आता अख्खा जीनोम वाचतात. यंत्र लातूरला नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतात, पण महिन्या-दीड महिन्यात सगळी साखळी माझ्या टेबलावर येते. लोक विचारतात, मग तुमची पूजाअर्चा यात कशी बसते. मला कधी अडचण आली नाही. सगळे जीव एकमेकांच्या नात्यातले आहेत हे पहाटे हात जोडताना जितकं खरं वाटतं तितकंच ते टेबलावरही खरं निघतं.

माझा प्राणी सापसुरळी. तुम्ही हसाल. नायगावकडच्या आपल्या शाळेत बाटलीत होती ना, तीच, चकचकीत अंगाची, नावापुरत्या पायांची. आम्ही पोरं तिला सापाची मावशी म्हणायचो. मी तुम्हाला विचारलं होतं की ती खरंच मावशी आहे का, तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "मावशी कुणाची ते तिचं गणगोत बघून घेईल. तू आधी ती कुठल्या बांधावर घावली ते लिही." आता उत्तर आलं आहे. ती सापाची मावशी नाही. साप घोरपडीच्या जवळचा निघाला, सापसुरळीची वाट त्यांच्यापासून फार आधी फुटलेली.

त्या बाटल्यांबद्दलच लिहायचं आहे. सातवीत माझं अक्षर वर्गात चांगलं, म्हणून शाळेच्या कपाटातल्या अकरा बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम तुम्ही मला दिलं. प्राण्याचं नाव, सापडला ते ठिकाण, आणि चिठ्ठी आत स्पिरिटमध्ये सोडायची, पेन्सिलीनं लिहून. पेन्सिल मला गरिबाची वाटली. मामाने दिलेला शाईचा पेन होता, मी निळ्या शाईनं घोटून लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर अकराही बाटल्यांत निळं पाणी आणि आत कोऱ्या चिठ्ठ्या. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. तुम्ही ओरडला नाहीत. स्पिरिट बदललंत, माझ्यापुढे पेन्सिल ठेवलीत आणि म्हणालात, "नाव बघून कळंल. ठिकाण ठाऊक असंल तर लिही. नसंल तर 'ठिकाण माहीत नाही' असं लिही. त्यात लाज न्हाई, बेटा." मी भराभर सगळ्या लिहिल्या. गायरान, नदीकाठ, पाटलाची विहीर. तुम्ही एकेक वाचलीत. "ठाऊक होतं का सगळं?" मी म्हणालो, "हाव, गुरुजी." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि बाटल्या कपाटात ठेवल्यात. साहेबांनी कपाटाचं कौतुक केलं. त्या चिठ्ठ्या मी शाळा सोडली तेव्हाही तशाच होत्या.

अकरावीला लातूरला निघालो तेव्हा भेटायला मी नांदेडला तुमच्या घरी आलो होतो. पुढे तुमच्या भावाचं पुस्तकं बांधायचं दुकान, मागे घर. स्वयंपाकघरात चुलीवर मोठ्या पातेल्यात पांढरं काही रटरटत होतं आणि तुमच्या घरच्या चाची ते उलथण्यानं हलवत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी खीर. मी दोनदा वाकून बघितलं. चाचींनी ओळखलं. म्हणाल्या, "बैस बैस, ती खळ आहे, पुस्तकं चिकटवायची. खाल्लीस तर तोंड उघडायचं न्हाई, मग मास्तर होशील कसा?" तुम्ही इतके हसलात की दुकानातून भाऊ डोकावले. मग तुम्ही आत जाऊन हे बंडल आणलंत. बांधणीत कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या, सारख्या कातरलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या. हा कागद स्पिरिटमध्ये विरघळत नाही, म्हणालात. "वापर. संपल्या की सांग, अजून देतो."

मी त्या पट्ट्या देव्हाऱ्यात ठेवल्या, गुरुजी. तुमच्या हातचं काही कामात खराब करायचं मला धाडस झालं नाही. आणि कामात काय वापरलं तर मार्कर. दुकानात मिळायचा, बाटलीवर बाहेरून झटकन नंबर टाकता यायचा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दौऱ्यात मी सापसुरळ्यांच्या शेपटीचे तुकडे गोळा केले. शेपटीचं टोक घ्यायचं आणि जनावर सोडून द्यायचं, असं करतो आम्ही. त्यांतला एक नमुना आपल्या गावच्या, नायगावच्या बांधावरचा, एक चाकूरचा, एक पार खाली कर्नाटकातल्या लाल मातीतला. परत येताना पिशवीत एका बाटलीचं झाकण सैल झालं, स्पिरिट सांडलं आणि दोन बाटल्यांवरचे नंबर पुसले. गावची कोणती आणि कर्नाटकातली कोणती, हे मी आठवून ठरवलं. निकाल आला तो असा, की आपल्या गावची सापसुरळी चाकूरच्या सापसुरळीला परकी आणि दक्षिणेकडच्यांची सख्खी, आणि दक्षिणेतली ती आपल्याकडची. सरळ अदलाबदल दिसते आहे, शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. मी त्यावर नदीखोऱ्यातून झालेल्या स्थलांतराची कहाणी रचली. लेख छापून आला, लोकांनी वाखाणला, माझं नाव त्यामुळे झालं.

माझ्याकडे उदगीरची एक मुलगी पीएच.डी. करते. तिनं त्याच बांधांवरून नवे नमुने आणले, अख्खे जीनोम वाचून घेतले, आणि तिच्या वंशवृक्षावर नायगाव आणि चाकूर सख्ख्या बहिणी निघाल्या. माझ्या लेखाच्या उलट. मी तिला म्हणालो, नमुने मिसळले असतील तुझे, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. मी म्हणालो, हात स्वच्छ ठेवत जा. सगळ्यांसमोर म्हणालो. तिचा प्रबंध वर्षभर माझ्या टेबलावर अडकला. माघ महिन्यात ती तिसऱ्यांदा निकाल घेऊन आली आणि उभ्यानंच बोलली, "सर, तीनदा केलं. माझे हात दर वेळी तसेच कसे चुकतील?"

ती गेल्यावर मी फ्रीजमधून जुना डबा काढला. त्या दोन बाटल्यांवर पुसलेल्या नंबरांचा करडा डाग आणि त्याच्यावर माझ्याच हातचे नंतर टाकलेले ठळक नंबर. ते बघताच मला कळलं. खरं सांगायचं तर आधीपासून कळत होतं. तरी डबा परत ठेवला आणि आणखी दोन महिने काढले. त्या दिवसांत पूजेला बसलो की तुमच्या बंडलाकडे बघायचं टाळायचो.

परवा सकाळी ते घेऊन गेलो. तिला बोलावलं, डबा समोर ठेवला आणि सांगितलं की हात तुझे नव्हते चुकले, माझे चुकले. सगळ्यांसमोर बोललो तेही सगळ्यांसमोरच परत घेईन म्हणालो. काल घेतलं. ती रडेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. तिनं बाटल्या उजेडात धरल्या आणि विचारलं, "मग यांच्यावर आता काय लिहायचं?" मी दोरा सोडला, दोन चिठ्ठ्या काढल्या आणि पेन्सिलीनं दोन्हींवर लिहिलं, ठिकाण नक्की माहीत नाही. चिठ्ठ्या आत सोडल्या. कागद तुम्ही म्हणाला होतात तसाच आहे, जाड, पाणीदेखील झटकतो. बाकीचं बंडल तिच्या दौऱ्याच्या पिशवीत गेलं.

मग माझा तो लेख छापलेल्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, "सर, 'चूक झाली' असं लिहिलंय. कुणाची ते नाही लिहिलं." मी 'माझी' हा शब्द घातला. मायना, मजकूर, सही, सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. बाहेर आलो तर भूक लागली होती. कोपऱ्यावर दोन प्लेट पोहे खाल्ले. किती दिवसांनी तोंडाला चव आली म्हणून सांगू.

ते पत्र गेलं. हे कुठं पाठवायचं नाही, तरी एक लिहून ठेवतो. अकरापैकी चारच बाटल्यांचं ठिकाण मला ठाऊक होतं, गुरुजी. बाकीच्या सात मी अंदाजानं लिहिल्या.