गवत म्हणून उपटलेलं देवधान

नागपूर
१६ ऑगस्ट

प्रिय पुष्पे,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद हातात तरी घ्यावाच लागतो बाई, फाडायचा असला तरी.

आधी एक सांग, देवधानाचं बी तलावाच्या चिखलात किती वर्षं निजून राहू शकतं? पंधरा वर्षं विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई हे तुला विचारून राहिली, हस खुशाल! एक पुस्तक दोन वर्षं म्हणतं, दुसरं सात. तुझ्या गावच्या रुख्मिणीबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्या मनाले येईन तोवर." हे उत्तर मी वहीत लिहून घेतलंय. कुठल्या रकान्यात टाकायचं ते मात्र कळत नाही.

आणि काय काय कळलं म्हणून सांगू! हा रानभात पिकला की दाणा लगेच पाण्यात गळतो, हे मला ठाऊक होतं. पण त्यावर बायकांनी काय तोड काढली, ते कुठे ठाऊक होतं? दसरा झाला की कमरेएवढ्या पाण्यात शिरायचं, ओंब्यांचे झुबके करून गाठी मारून ठेवायच्या आणि आठ दिवसांनी टोपलीत झटकायच्या. जिनं गाठ मारली, तिचंच ते धान. दुसरी कुणी हात लावत नाही. ते वर्षभर मडक्यात जपायचं, कारण ऋषिपंचमीला नांगर न लागलेलंच खायचं असतं. आणि पावसाळ्यात त्याच काड्यांच्या आडोशाला मासोळ्या अंडी घालतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे कधी शिकवलं नाही, कारण मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तू मात्र विचार म्हणाली होतीस. आठवते ना ती बैठक? तिच्या आदल्या वर्षी तू समोशांचा पुडा घेऊन माझ्या केबिनमध्ये आली होतीस. "तुझी मुलं पुस्तकातला तलाव शिकतात, रामटेकजवळ माझ्या गावात खरा आहे, चल," म्हणालीस. होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढलेल्या आपण दोघी. तू नोकरी सोडून संस्था काढलीस, मी इथेच राहिले, आणि इतक्या वर्षांनी तलाव सुधारण्यासाठी आपल्या नावांचा एकत्र करार झाला. शाश्वत विकासाचं केवढं बॅनर लावलं होतं बाप्पा! मग बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला आणि तो मच्छीमार संस्थेच्या सभासदांकडून भरून घेतला. सभासद सगळे पुरुष. त्या बैठकीत तू म्हणालीस, काठाला हात लावण्याआधी बायकांना विचारू. मी काय म्हटलं? सर्व्हे संपला वं, आता तू फक्त माणसं जमव.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात काठावरच्या त्या सुकलेल्या काड्या पाहून मी कागदावर 'अनावश्यक गवत' लिहिलं आणि खाली सही केली. चार दिवस माझ्या पोरांनी आणि तू जमवलेल्या माणसांनी श्रमदान करून ते मुळासकट उपटलं. पुष्पे, माझ्या विभागातल्या कपाटात देवधानाचा वाळवलेला नमुना आहे. दरवर्षी प्रत्येक वर्गाला मी तो दाखवते. पण त्याला ओंबी आहे. ओंबी नसलेलं, जमिनीत उभं असलेलं देवधान मी ओळखलं नाही. एवढी मोठी डॉक्टरीण!

दसऱ्यानंतर बायका गाठी मारायला गेल्या, तर नुसतं पाणी. माणसं तू जमवली होतीस, म्हणून जाब तुला विचारला. तू एवढंच म्हणालीस की चूक झाली. कुणाची, ते सांगितलं नाहीस. त्यांनी तुझ्या बैठकीला येणं सोडलं, साक्षरता वर्ग बंद पडला, तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. यंदा जानेवारीत तू तुझ्या संस्थेच्या खोलीला कुलूप लावून कळमेश्वरला भावाकडे निघून गेलीस. हे सगळं मला माहीत होतं. मी तेव्हा अहवालात 'गवताचं शंभर टक्के निर्मूलन' असं लिहीत बसले होते. भ्यायले होते गं. करार पुढे वाढणार नाही, विभागात नाचक्की होईल, पोरं हसतील. तुझं नाव जात होतं आणि मी माझं सांभाळत होते. लाज वाटते मला.

पण तू काहून गप्प राहिलीस? हा एक प्रश्न मला सोडत नाही. माझ्यासाठी? पोरांचं गावात येणं बंद होऊ नये म्हणून? की सांगून उपयोग नाही, असं वाटलं? खरं उत्तर दे, कडू असलं तरी चालेल.

जूनमध्ये मी फॉर्म न घेता गावात गेले. रुख्मिणीबाईंनी दोन दिवस मला नुसतं तलावाच्या पाळीवर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावच्या तलावावर नेलं. तिथल्या बायकांना विचारून आम्ही चिखलासकट थोडे गड्डे आणले आणि लावले. आता गंमत ऐक. जिथे आम्ही काहीच लावलं नाही, त्या दक्षिणेच्या कोपऱ्यात सात ठोंब आपोआप वर आले आहेत! म्हणून तर तो बियांचा प्रश्न विचारला.

इथवरचं मी शुक्रवारी लिहिलं होतं, तारीख तेवढी आज टाकली. काल पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. बोलायला उभी राहिले, पण भाषण केलं नाही. मग हेच पत्र पर्समधून काढलं आणि 'प्रिय पुष्पे'पासून सगळं वाचून दाखवलं. त्यासाठीच तर लिहिलं होतं, आधी गावातल्या बायकांना ऐकवायचं आणि मग तुला धाडायचं. मग रुख्मिणीबाई म्हणाल्या, "मंग पुष्पाबाईले आमी फुकटच बोललो का?" मी हो म्हटलं. माझं काय करायचं ते नंतर पाहू, असं त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. आता तो उलटून बघ. छत्तीस सह्या आहेत, अंगठा एकही नाही, सगळ्या तुझ्याच वर्गात शिकल्या. आणि सगळ्यात वर रुख्मिणीबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "कुलूप तोळलं. खोली झाळून ठेवली. ये वं."

तुझीच, उत्तराची वाट पाहणारी,
रीना