समुद्रात नेलेली दस्ती

बाबा, तुमची पांढरी दस्ती मी समुद्रात नेली होती. तुम्ही जन्मात कधी समुद्र पाहिला नाही आणि तुमचा हातरुमाल मात्र तळाशी जाऊन आला, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. तरी ताडकळसला बाजाराच्या दिवशी बसमधून जाताना, तुमचं कापडाचं पाल जिथं असायचं तिकडे मान वळतेच. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो. त्याच्याही डोक्यावर निळीच ताडपत्री आहे.

आधी मायचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच झालं. ती आता परभणीला माझ्याजवळ असते. तिला काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही थेंबांनी किती दिवस थोपवता येईल ते सांगता येत नाही. कडेचं सगळं गेलंय, मधोमध एक खिडकी उरली आहे. त्या खिडकीतून ती दिवसभर काहीबाही बघून घेत असते. भिंतीवरचं कॅलेंडर, परातीतली भाजी, माझं तोंड. मी विचारलं, माय, तुला काय बघावंसं वाटतं? कुठं नेऊ? मला वाटलं एखादं देवस्थान सांगेल. ती म्हणाली, "पान्याच्या आत काय असतं गं? तू हिरीत बुडी मारायचीस तवा मी डोळे मिटून उभी राहायची. कवाच बघितलं न्हाई."

खरं आहे ते. पाठीला वाळलेला भोपळा बांधून तुम्ही मला विहिरीत ढकललंत तेव्हा ती काठावरच्या थारोळ्याजवळ पदर तोंडात धरून उभी होती आणि तुम्हाला बोल लावत होती. पोरीच्या जातीला पोहायचं खूळ कामून, हा तिचा प्रश्न. तुम्ही मलाच म्हणालात, "डोळे उघडे ठेव बाई, आत बी उजेड असतो." त्या एका वाक्यावर मी पन्नाशी उलटल्यावर मालवणला पाठीवर हवेची टाकी बांधली. आधी शाळेतल्या बायकांच्या सहलीत हौस म्हणून उतरले, मग दिवाळीच्या सुट्टीत तिथंच राहून रीतसर शिकले. माझ्या बरोबरीच्या मास्तरणी म्हणाल्या, ह्या वयात हे काय भलतंच. मी म्हटलं, आमच्या घरी भलतं आधीपासूनच आहे.

सहलीत मी लहानसा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून खाली नेला होता. घरी येऊन मायपुढे मोबाईल धरला. ती तो हातभर लांब धरते, म्हणजे उरलेल्या खिडकीत चित्र पुरतं मावतं. तिने बघितलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "समदं निळंच हाय की. ह्ये तर तुझ्या बाबाच्या ताडपत्रीखालचं दिसायलंय. माशाला काय रंग नसतो का?" मी हिरमुसले. खाली डोळ्यांना तर कितीतरी रंग दिसले होते. कॅमेऱ्यात मात्र मासे, खडक, माणसं, सगळ्यांना रंगाच्या एकाच पिंपात बुडवून काढल्यासारखं झालं होतं. आणि माय म्हणाली ते ऐकून मला एकदम तुमचा बाजार आठवला.

ब्लाऊजपीसचे तागे मांडून तुम्ही बसलेले आहात. मी शेजारी, कात्री आणि गज सांभाळत. चुडाव्याहून आलेली एक बाई पिशवीतून डाळिंबी साडी काढते, लेकीच्या लग्नातली आहे म्हणते. मी पटकन एक तागा ओढते, साडीवर ठेवते, अगदी एकजीव. बाई खूश. तुम्ही साडी आणि तागा दोन्ही उचलता, पालाबाहेर उन्हात नेता आणि आम्हा दोघींना बोलावता. उन्हात माझा तागा चक्क विटकरी. "ताडपत्रीखाली डाळिंबी बी तसलंच अन् विटकरी बी तसलंच," तुम्ही म्हणालात. "आपल्या डोळ्यावर लय भरवसा ठेवू नको. डोळा सवयीचा गुलाम हाय. आधी पांढरं बघ, मग रंग बघ." संध्याकाळी ऊन गेलं की गॅसबत्तीखाली तुम्ही खिशातली दस्ती काढून कापडाशेजारी पसरायचा. दस्ती जेवढी पिवळी दिसेल तेवढं पिवळं साडीतून मनातल्या मनात वजा करायचं. गिऱ्हाईक कंटाळायचं, कधी उठून शेजारच्या पालावर जायचं. तुम्ही खुशाल जाऊ द्यायचा.

त्या दस्तीला मायने नीळ लावायची नाही, हा घरातला कायदा होता. तुमचं धोतर, सदरा, उशांचे अभ्रे, सगळे निळीच्या बादलीतून निघायचे, दस्ती तेवढी वेगळी. "निळीचं पांढरं खोटं असतं," तुम्ही म्हणायचा. चार बायकांत नवऱ्याचा रुमाल मळकट दिसतो म्हणून माय धुसफुसायची. तिचं आणखी एक दुखणं होतं. अख्ख्या तालुक्याला मॅचिंग करून देणाऱ्या माणसाची बायको जन्मभर ताग्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची पोलकी घालत होती, आणि त्यातलं एकही तिच्या लुगड्याशी जुळत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी होता, बाबा. तुम्ही नुसते हसायचा. मला ते हसू आजही पुरतं माफ करता येत नाही.

तर दिवाळीत दुसऱ्या खेपेला जाताना मी मायच्या पेटीतून तुमची दस्ती मागून घेतली. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते आपण दाखवून द्यायचं असतं, मग तो बाकीचे रंग त्यावरून लावतो, एवढं मी तोवर वाचून शिकले होते. होडीवर लख्ख ऊन होतं. तुम्ही कापड उन्हात न्यायचा, म्हणून मी उन्हात दस्ती पसरली, कॅमेऱ्याला दाखवली आणि उतरले. वर येऊन बघते तर पहिल्यापेक्षाही निळं. शिकवणारा तरुण हसला नाही, पण त्याला हसू आलं होतं. म्हणाला, "ताई, पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. जेवढं खोल तेवढं जास्त. जिथे शूटिंग करायचं तिथेच पांढरं दाखवायला हवं. आणि चार हात खाली गेलात की पुन्हा दाखवा." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तुमचं अर्धंच घेतलं होतं, उन्हातलं. गॅसबत्तीचं विसरले होते. माल उजेडात आणता येत नसेल तर पांढरं मालापाशी न्यायचं.

दुसऱ्या दिवशी तळाशी त्याने दस्तीची दोन टोकं धरली, दोन मी एका हाताने कशीबशी ताणली. पाण्यात ती आपली मर्जी असल्यासारखी फुगत होती. मी कॅमेरा इतका जवळ नेला की चित्रात दस्तीशिवाय काही उरलं नाही, बटण दाबलं, आणि समोरच्या खडकाकडे वळले. त्यावरचं एक काळपट तपकिरी झाड, ते खरं म्हणजे स्पंज नावाचा जीव आहे म्हणे, कॅमेऱ्याच्या पडद्यावर डाळिंबी झालं. ढळढळीत डाळिंबी. मी हाताच्या अंतरावर गेले, कारण लांबून घेतलं की मधलं पाणी पुन्हा रंग खातं, आणि छोटी बॅटरी लावली. "ताई, हात लावून बघा, लांबून रंग कळत नसतो," असं तुम्ही बायकांना म्हणायचा. इथे हात लावायला मनाई होती. पिवळे पट्टेवाले मासे आले, एक मोरपंखी आला, एक हिरवट रामा रंगाचा. मला तुमच्या ताग्यांची नावं एकामागून एक आठवत होती आणि मुखवट्याच्या आत मला रडू येत होतं. पाण्याखाली रडलं तर डोळे पुसता येत नाहीत, हे कुणी शिकवत नाही.

संध्याकाळी खोलीवर नीट बघितलं तेव्हा मात्र काहीतरी खटकलं. रंग आले होते, पण सगळ्यावर एक हळदीची झाक होती. वाळू गव्हाळ, त्या तरुणाचे तळवे हळद लागल्यासारखे. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी ते तसंच घरी आणलं. सुरुवातीचा दस्तीचा तुकडा कापायचा होता, तेही राहून गेलं.

मायने मोबाईल लांब धरला. पहिल्यांदा दस्तीच आली, पडदाभर. ती पुढे बघेचना. "ह्येंची हाय न्हवं ही?" म्हणाली, आणि पुन्हा लावायला लावली, पुन्हा. मग मासे बघितले, डाळिंबी स्पंज बघितला. "ह्या रंगाचं पोलकं पायजे होतं मला, माझ्या लगनातल्या लुगड्यावर. गावाचं समदं केलं, माझंच राहिलं." हे ती हसत म्हणाली. तुम्ही ऐकायला हवं होतं. मी म्हटलं, माय, रंग थोडे पिवळे आलेत, का ते कळेना. दस्ती तर चांगली पांढरी होती.

मायने पदराने मोबाईलचा पडदा पुसला. मग म्हणाली, "नीळ हाय तिला. त्ये गेल्यावर म्या लावली. जित्यापनी कवा लावू दिली न्हाई. वाटायचं, एकडाव तरी चारचौघांसारखी झकास करून खिशात घालावी. मग दरसाल पेटी उघडली की धुते, उलीसं नीळ घालते, ठेवते." कॅमेऱ्याने त्या निळीलाच पांढरं मानलं होतं, बाबा, आणि निळीएवढं निळं साऱ्या समुद्रातून वजा केलं होतं. म्हणून हळद वर आली. निळीचं पांढरं खोटं, तुम्ही म्हणायचा तसंच झालं.

ते दुरुस्त करायला काही लागत नाही. मोबाईलच्या पडद्यावर रंगाची एक दांडी सरकवायची, की वाळू वाळूच्या रंगाची होते. माझं बोट तिथंपर्यंत गेलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "लगीनघरावानी दिसायलंय. खरंच असंच असतंय का गं खाली?" मला ती खिडकी दिसत होती, किती लहान झाली आहे ती, आणि त्यात ती काय भरून घेते आहे तेही. मी म्हणाले, असंच असतं.

हे पत्र दस्तीच्या घडीत ठेवायचं मनात होतं. पण पेटी माय उघडते, आणि कागद हाताला लागला तर शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल. तेव्हा ते माझ्याजवळच राहील. आज दुपारी दस्तीतलं खारं पाणी काढायला तिने बादली मागितली. चाचपत चाचपत तिने ती खळबळून धुतली. आणि बाबा, निळीची बाटली मीच तिच्या हाताशी नेऊन ठेवली.